२०११ ची सेकंडहँड गाडी, आणि एअरबॅगच्या रिकॉलचं पत्र आत्ता हातात आलं. काय करू?

सारसोळे_नेरुळ

नमस्कार. प्रश्न जरा लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागता येणार नाही.

आमची गाडी २०११ ची सेदान, एमएच-०४ पासिंग. २०१९ मध्ये ठाण्यात चरईतल्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून घेतली. ते नंतर पुण्याला गेले. गेल्या रविवारी त्यांच्या वहिनींचा फोन आला. चरईचं घर रिकामं करताना कपाटाच्या खणात गाडीच्या कंपनीचं एक पाकीट सापडलं, फोडलेलंसुद्धा नव्हतं. त्यांनी ते उघडून मला फोटो पाठवला. पत्र २०१७ चं. पुढच्या सीटसमोरच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारच्या बाजूच्या एअरबॅगचा इन्फ्लेटर, म्हणजे ती फुगवणारा भाग, खबरदारी म्हणून फुकट बदलून देऊ, गाडी घेऊन या, असा मजकूर. खाली चासी नंबर. मी फोनवरून एकेक अक्षर वाचत गेले आणि मिस्टर आरसीवर बोट ठेवून बघत गेले. सतरा अक्षरं, दोनदा वाचली. आमचीच गाडी.

म्हणजे आम्ही गाडी घेतली तेव्हाच हे काम दोन वर्षं रखडलेलं होतं, आणि त्यानंतर सहा वर्षं आम्ही ती तशीच चालवतोय. गाडी घेताना मी इंजिन दाखवलं, टायर बघितले, इन्शुरन्सचे कागद तपासले. हे विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

माझा जीव खरा अडकलाय तो आईत. तिचे गुडघे दुखतात, मागे बसायला-उतरायला जमत नाही, म्हणून ती कायम पुढे. आणि स्पीडब्रेकर आला की तिचा डावा हात आपोआप डॅशबोर्डवर जातो. बरोबर जिथे एअरबॅगची अक्षरं कोरलेली आहेत तिथे. वर्षानुवर्षांच्या हाताने ती अक्षरं पुसट झालीत. पत्र वाचल्यापासून मला तो हातच दिसतोय.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ही फार जुनी कॅम्पेन आहे, आता होत नाही. आणायची असेल तर जनरल चेकअपचे पैसे पडतील." शिरवण्यात आमचा नेहमीचा गॅरेजवाला आहे, तो म्हणतो, "टेन्शन कशाला घेता, एअरबॅगच्या वायरचं सॉकेट काढून ठेवतो. लाइट पेटली तर तीही बंद करून देतो. दोन हजार द्या."

गणपतीला मालवणला जायचंय. मिस्टरांचं म्हणणं, चौदा वर्षांत काही झालं नाही, परत आल्यावर बघू. गाडी सोसायटीत उघड्यावरच असते, पाम बीच रोडच्या बाजूला. मे महिन्यात डॅशबोर्डला हात लाववत नाही आणि पावसाळ्यात सीटबेल्टला बुरशीचा वास येतो, इतकी दमट हवा.

सॉकेट काढून घेऊ का? की गाडी उभीच करून ठेवू? आणि फुकट काम नाकारलं तर कोणाकडे जायचं?

खारेगाव_पूल

ताई, एवढं घाबरू नका. माझ्याकडे २०१० ची गाडी आहे, रोज ठाणे ते महापे करतो, आजवर काही नाही. मी तुमच्या जागी असतो तर गॅरेजवाल्याचं ऐकलं असतं. आपल्या लहानपणी कुठे होत्या एअरबॅगा? वडिलांच्या गाडीत आम्ही सहा जण बसून जेजुरीला जायचो. सॉकेट काढा, बेल्ट लावा आणि निर्धास्त मालवणला जा.

वागळे_वर्कशॉप

खारेगाववाले दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण हा सल्ला कृपा करून कोणाला देऊ नका. मी वागळे इस्टेटमधल्या एका अधिकृत वर्कशॉपमध्ये एकोणीस वर्षं काढली. सुरुवातीला हेल्पर, मग टेक्निशियन, शेवटची सहा वर्षं अॅडव्हायझर म्हणून काउंटरवर. एअरबॅगच्या रिकॉलच्या गाड्या या हातांनी केल्यात, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, आधी तुमच्या आईंचं. आजपासून काम होईपर्यंत त्या पुढे बसणार नाहीत. त्याच नाही, त्या सीटवर कोणीच बसायचं नाही, भाजीची पिशवी ठेवा हवी तर. पत्र त्या बाजूच्या इन्फ्लेटरचं आहे, म्हणून गाडी चालवणाऱ्याला त्यातल्या त्यात धोका कमी. तरी जरुरीपुरतीच चालवा. मालवण या गाडीने नको. काम झालं तर जा, नाहीतर कोकणकन्या आहे, एसटी आहे.

आता आत काय बिघडलंय ते समजून घ्या, म्हणजे मिस्टरांनाही सांगता येईल. एअरबॅग म्हणजे फुगा, आणि फुगा फुगवणारा धातूचा डबा म्हणजे इन्फ्लेटर. स्टीअरिंगमधला चपटा, गोल असतो. शेजारच्या सीटसमोरचा, म्हणजे तुमच्या पत्रातला, नळकांड्यासारखा, लाटण्यापेक्षा जाड आणि आखूड. आत रसायनाच्या गोळ्या, औषधाच्या असतात तशा. धडक बसली की ठिणगी पडते, गोळ्या जळतात, गॅस तयार होतो आणि पापणी लवायच्या आत फुगा उघडतो. ताकाता नावाच्या जपानी कंपनीने या गोळ्यांसाठी अमोनियम नायट्रेट वापरलं. स्वस्त आणि जोरदार, पण ओल धरणारं. घरातलं मीठ आठवा. पावसाळ्यात पाणी सुटतं, उन्हाळ्यात सुकून खडा होतो, पुन्हा पावसाळ्यात पाणी. त्या गोळ्यांचंही तसंच. दिवसा तापायचं, रात्री निवायचं, हवेतली ओल आत शिरायची. असे दहा-पंधरा उन्हाळे-पावसाळे गेले की घट्ट गोळी आतून भुसभुशीत होते. भुसभुशीत गोळी ठरल्यापेक्षा कितीतरी वेगाने जळते, दाब डब्याला सोसत नाही आणि डबाच फुटतो. मग फुग्यातून हवेऐवजी पत्र्याचे तुकडे येतात. छातीवर, गळ्यावर, डोळ्यांवर.

चौदा वर्षांत काही झालं नाही, हे म्हणणं इथे चालत नाही. तो डबा चौदा वर्षांत एकदाही पेटलेला नाही, म्हणून काही झालं नाही. आणि गाडीचं वय वाढेल तसा धोका वाढतो, कमी होत नाही. सहसा जुन्या वस्तूबद्दल आपण म्हणतो की इतकी वर्षं टिकली, आता काय होतंय. इथे बरोबर उलट आहे.

अमेरिकेत यात २५ पेक्षा जास्त माणसं गेली. कित्येक अपघात असे होते की एअरबॅग फुटली नसती तर माणूस स्वतःच्या पायाने उतरून घरी गेला असता. तिथल्या रस्ता सुरक्षा खात्याने राज्यांचे हवामानाप्रमाणे गट पाडले. फ्लोरिडा, हवाई, मेक्सिकोच्या आखाताकाठची राज्यं पहिल्या गटात, कारण उष्ण आणि दमट. त्या खात्याने २०१६ मध्ये २००१ ते २००३ च्या काही होंडा आणि अॅक्युरा गाड्यांबद्दल जाहीर केलं की त्यांचे इन्फ्लेटर फुटण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत आहे. तुमची गाडी त्यातली नाही, पण वय आणि दमट हवा मिळून काय करतात ते यातून कळतं. मलेशियातही माणसं गेली, आणि तिथली हवा आपल्यासारखीच. खाडीकाठी उघड्यावर चौदा पावसाळे काढलेली गाडी मला साताऱ्यातल्या गाडीपेक्षा जास्त काळजीची वाटते.

ही एका कंपनीची गोष्ट नाही. ताकाताचे इन्फ्लेटर पुष्कळ कंपन्या घेत होत्या. पहिला रिकॉल होंडाने २००८ मध्ये काढला, मग एकेक करत सगळेच आले. जगभरात मिळून १० कोटींच्या आसपास इन्फ्लेटर परत बोलवावे लागले आणि जून २०१७ मध्ये ताकाताने दिवाळखोरी जाहीर केली. आपल्याकडे होंडाने जानेवारी २०१७ मध्ये २०१२ साली बनलेल्या ४१,५८० गाड्या बोलावल्या, पुढच्या जानेवारीत २०१३ च्या २२,८३४. टोयोटाने २०१७ मध्ये २३ हजारांवर कोरोला अल्टिस बोलावल्या. यातल्या किती गाड्या तोवर दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्या असतील, विचार करा. पत्र जातं कंपनीच्या दफ्तरी जे नाव आहे त्याला. गाडी विकली, माणूस पुण्याला गेला, पत्र खणात पडलं. काउंटरवर असताना मी स्वतः फोन लावायचो. दहातले निम्मे नंबर बंद. उरलेल्यांतले अर्धे म्हणायचे, गाडी कधीच विकली, कोणाला ते आठवत नाही. त्या यादीतल्या उरलेल्या गाड्या माझ्या अजून डोक्यात आहेत. त्या कुठेतरी चालतायत.

सॉकेटबद्दल. एअरबॅगची वायरिंग पिवळी असते, जोडणीही पिवळी. हात लावू नका हे सांगायलाच तो रंग. बॅटरी काढली तरी कंट्रोल युनिटमध्ये थोडी वीज साठलेली राहते, धडकेत बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून तशी रचनाच केलेली आहे. म्हणून आम्ही बॅटरीचा निगेटिव्ह काढून निदान तीन मिनिटं नुसते उभे राहायचो, घाई असली तरी. गॅरेजमधला पोरगा तसा थांबेल का? शिवाय एक सॉकेट काढलं की यंत्रणेत फॉल्ट नोंदला जातो. मग ड्रायव्हरची चांगली एअरबॅगही वेळेला उघडेल याची खात्री राहत नाही. आणि "लाइट बंद करून देतो" म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. तो तिथे एक छोटा रेझिस्टर लावेल, गाडीला वाटेल एअरबॅग जागेवर आहे. पुढे खरंच काही बिघडलं तरी तुम्हाला कळणार नाही. ही गाडी तुम्ही विकलीत तर पुढच्या माणसालाही नाही.

जाताजाता सेकंडहँड गाडीवाल्या सगळ्यांना सांगतो. चावी ऑन केली की एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटलेलाच राहिला तर बिघाड. अजिबात पेटलाच नाही तर त्याहून वाईट, बहुतेक कोणीतरी आधी हात घालून ठेवलाय.

आता काउंटरवर काय बोलायचं. रिकॉल मालकाच्या नावावर नसतो, चासी नंबरवर असतो. तुम्ही दुसऱ्या मालक असा की चौथ्या, काम राहिलं असेल तर ते तुमचं. आधी कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानावर चासी नंबर टाका आणि जे दिसेल त्याचा फोटो काढून ठेवा. मग सर्व्हिस सेंटरला फोन न करता समोर जाऊन उभ्या राहा. "एअरबॅग चेक करायची आहे" असं म्हणू नका, त्याने जनरल चेकअपचं जॉब कार्ड बनतं आणि पैसे लागतात. "या चासी नंबरवर रिकॉल कॅम्पेन पेंडिंग आहे, सिस्टिममध्ये बघा आणि त्याच नावाने जॉब कार्ड उघडा" असं म्हणा. फोनवरच्या त्या मुलाने चासी नंबर विचारला होता का? नसेल तर त्याने काही बघितलेलंच नाही. एका सेंटरने टाळलं तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या सेंटरला जा, गाडी कुठून घेतली त्याचा संबंध नाही. पार्ट नसेल तर मागवायला लावा आणि तसं लिहून घ्या. पार्ट आल्यावर काम एक-दोन तासांचं. झाल्यावर जॉब कार्डवर कॅम्पेन नंबर, नव्या इन्फ्लेटरचा नंबर आणि रक्कम शून्य, या तिन्ही गोष्टी बघितल्याशिवाय चावी घेऊ नका. जुना इन्फ्लेटर घरी मागू नका. तो स्फोटक माल आहे, त्याची पाठवणी वेगळी असते.

आणि वहिनींना माझा नमस्कार सांगा. पाकीट रद्दीत न टाकता त्यांनी फोन केला.

कोर्टनाका_ठाणे

वर वर्कशॉपवाल्या दादांनी मूळ काम सांगितलंच आहे, मी फक्त कायद्याचं लिहिते. ग्राहक आयोगात प्रॅक्टिस करते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं. सदोष गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार त्याने सरकारला मिळाला. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले आणि दंड १ कोटी रुपयांपर्यंत आहे. पण ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी, त्यामुळे ताईंच्या गाडीला त्याचा आधार नाही. कोणी तुम्हाला "कायद्याने सात वर्षंच असतं" असं सांगून परत पाठवेल, म्हणून हे आधीच सांगून ठेवते. तुमचा रिकॉल कंपनीने स्वतःहून जाहीर केलेला आहे. फुकट बदलून देऊ, हे वचन कंपनीने तुमच्या चासी नंबरसमोर लिहून दिलंय. तुमचा मुद्दा तिथे उभा राहतो.

ते पाकीट जपून ठेवा, फोटोवर भागवू नका, वहिनींकडून मूळ पत्र मागवून घ्या. सेंटरने नकार दिला तर तिथेच उभ्या उभ्या कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा: चासी नंबर, पत्राची तारीख, कोणत्या सेंटरने कधी काय उत्तर दिलं. तोंडी भांडणापेक्षा चार ओळींचा ईमेल जास्त काम करतो, हा माझा रोजचा अनुभव आहे. त्यानेही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. बहुतेक तिथवर जावंच लागणार नाही.

सॉकेट मात्र काढू नका. उद्या अपघात झाला तर "सुरक्षा यंत्रणेत स्वतः फेरफार केला" हे पहिलं वाक्य समोरचा वकील बोलेल.

खारेगाव_पूल

वर्कशॉपवाले दादा, चूक मान्य. मिठाचं वाचलं आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन आरसी काढली. नंबर टाकला तर माझ्या गाडीवर ड्रायव्हर साइडचा रिकॉल पेंडिंग दाखवतोय. रोज त्याच स्टीअरिंगसमोर बसतो मी. आता काय, गाडी बंदच ठेवू?

वागळे_वर्कशॉप

हो दादा. ड्रायव्हर साइड असेल तर उद्यापासून ट्रेन आणि पुढे रिक्षा. सकाळी पहिलं काम सर्व्हिस सेंटर. गाडी स्वतः नेऊ नका, ते उचलून नेतात का विचारा, पुष्कळदा नेतात. होईल काम, पण उद्याच जा.

सारसोळे_नेरुळ

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते, कोणाच्या उपयोगी पडेल.

वेबसाइटवर चासी नंबर टाकला, लाल अक्षरांत पेंडिंग आलं. नवी मुंबईतल्या ज्या सेंटरने फोनवर टाळलं होतं तिकडे परत गेलेच नाही. घोडबंदर रोडवरच्या दुसऱ्या सेंटरला गेले आणि दादांनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाली, "हो, आहे. पार्ट मागवावा लागेल." लिहून दिलं. नऊ दिवस लागले. तेवढे दिवस आई मागे बसली. सुरुवातीला कुरकुर केली, मग मी तिला पत्र वाचून दाखवलं. ऐकून काही बोलली नाही. फक्त म्हणाली, चरईच्या त्या घरात लहान नात होती, ती पुढेच बसायची.

काम होताना मी काचेपलीकडून बघत होते. ग्लोव्ह बॉक्स पूर्ण बाहेर काढला होता आणि त्या पोकळीत पिवळी जोडणी स्पष्ट दिसत होती. टेक्निशियनने बॅटरीची वायर काढली आणि खरंच हात मागे घेऊन उभा राहिला. मी घड्याळ लावलं, साडेतीन मिनिटं. जुनं नळकांडं बाहेर आलं तेव्हा त्याने ते दोन्ही हातांनी धरून खोक्यात ठेवलं. वरून अगदी नव्यासारखं चकचकीत होतं, कुठे गंजाचा ठिपकाही नाही. बाहेरून बघून मला तर काहीच कळलं नसतं.

जॉब कार्डवर कॅम्पेन नंबर आहे, नव्या इन्फ्लेटरचा नंबर आहे, रक्कम शून्य. दिवा पेटून विझतो, रोज सकाळी बघते. मालवणला याच गाडीने जातोय, मिस्टरांनी स्वतःच पत्र आणि जॉब कार्ड एका फाइलमध्ये लावलं.

सोसायटीच्या नोटीस बोर्डवर मी कागद लावलाय: २००५ ते २०१५ मधली गाडी असेल तर आरसी घेऊन संध्याकाळी सात ते आठ माझ्याकडे या, नंबर टाकून बघू. आतापर्यंत चौदा जण आले, दोघांचं पेंडिंग निघालं. त्यातल्या एका ताईंनी गाडी मागच्याच महिन्यात कामोठ्याच्या कोणालातरी विकली होती. एजंटकडून त्याचा नंबर मिळवला आणि त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. बी विंगमधल्या आजोबांची गाडी २००९ ची आहे, गेले चार दिवस पार्किंगमधून हललेली नाही आणि त्यांचा फोन लागत नाही. उद्या सकाळी दूध घ्यायला उतरतात तेव्हा त्यांना गाठते.